गव्हाच्या दिवसांतली कुजबूज

एरंडेल चोळलेल्या गव्हाचा वास आला की लोकांना म्हणे घर आठवतं. मला राग आठवतो. दरवर्षी चैत्र लागला की देवासला मुलाच्या गच्चीवर वर्षाचे गहू पसरले जातात, आणि मी धारहून पिशवी उचलून येतो, कारण गहू पारखायला मीच लागतो असा माझा, आणि फक्त माझाच, समज आहे. सोनकच्छकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात. हमाल खालून ओरडतो, "भिया, कां धरूँ?" आणि मी वरून ओरडतो, "ऊपर ले आ!" मग चादरी अंथरायच्या, गहू ओतायचे, दुपारभर तापवायचे, उतरत्या उन्हात हाताला तेल लावून चोळायचे आणि कोठीत भरायचे. माळव्यात अजून पुष्कळ घरांत हे चालतं. बाकी सगळं रोजच्या रोज ऑनलाइन मागवतील, पण गहू मात्र वर्षाचे.

यंदाही बसलोय. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्यावर येतो आणि गव्हात पडतो, तो वेचत बसायचा. खाली ही चैत्रगौरीच्या कालच्या हळदीकुंकवाची आरास उतरवते आहे, म्हणजे मिलिंदला स्टुलावर चढवून खालून हुकूम सोडते आहे. मिलिंद आमचा मुलगा, इथल्या एका कारखान्यात आहे. सून ऋचा इंदूरची, घरून हिशेबाचं काम करते. त्यांची मुलगी रेवा आता सात वर्षांची, आणि तिच्या पाठचा भाऊ आठ महिन्यांचा. घर भरलेलं आहे, तक्रारीला जागा नाही. तरी त्या वासाबरोबर मला चार वर्षांपूर्वीचा चैत्र आठवतो आणि हातातले गहू मी उगाच जोरात चोळायला लागतो.

त्या चैत्रात रेवा तीन वर्षांची होती आणि बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे तिला ऐकू येत नव्हतं किंवा जीभ जड होती असं नाही. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. विचारलं तर "रेड", "ॲपल", "टू" एवढं चिमटीत धरल्यासारखं द्यायची. पण आपणहून काही सांगणं, मागणं, भांडणं, ढळढळीत खोटं बोलणं, तीन वर्षांच्या पोराचे हे जे हक्काचे उद्योग असतात, त्यांतलं काहीच नव्हतं. पाणी हवं असलं की बोट धरून माठापाशी न्यायची. तीन वर्षांच्या मुलानं बडबडून आपलं डोकं उठवलं पाहिजे. ही उठवत नव्हती, म्हणूनच माझं उठलं होतं.

आता आमच्या घराची एक खोड सांगायला हवी. आमच्या एकट्याच्या नव्हे, माळव्यातल्या आम्हा बहुतेक मराठी घरांची. मराठीचा एक उपयोग आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतो. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडासमोर "फार सांगतोय, ऊठ" असं म्हणायला ती फार सोयीची. धरमपुरीला माझी बदली होती तेव्हा नर्मदेवर नावेत बसलं की ही नावाड्यासमोरच मला विचारायची, "याला नीट येतं ना हो चालवता?" तो बिचारा आपला वल्हं मारत राही. समोरच्याला कळू नये म्हणून बोलायची भाषा, ही गंमत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लुटत आलो आहोत. त्यात वाईट काही नाही, दुकानदारही आपापसात दुसरं काही बोलतच असतात.

पण ही गंमत घरात शिरली. रेवाशी थेट बोलायचं ते हिंदीत, कारण शेजारची पोरं हिंदी, कामाला येणारी ताई हिंदी, कार्टून हिंदी. शिकवायचं ते इंग्रजीत. आणि तिच्यापासून लपवायचं ते मराठीत. "उद्या सुई आहे, सांगू नकोस तिला." "आइस्क्रीम आहे खालच्या कप्प्यात, दाखवू नकोस." "शेजारच्या आँटीनं परत विचारलं, ही अजून बोलत कशी नाही." हे सगळं तिच्या डोक्यावरून, आवाज अर्धा करून, मराठीत. आणि आम्ही सगळे मनातून खूश, की बरं आहे बाई, तिला कळत नाही.

या आमच्या घरात नात्यांचे शब्द अजून जुने आहेत. ही माझ्या बहिणीला अजून वन्सं म्हणते. गौरीच्या पूजेतलं मराठी तर इतकं सोवळं, की पुण्याचे पाहुणे आले तर त्यांना अर्थ विचारावा लागतो. आणि या घरातल्या पोरीजवळ तहान लागली हे सांगायला एक शब्द नव्हता.

त्यातच शाळेच्या प्रवेशाचे दिवस आले. आमच्याकडे एप्रिलपासून नवं सत्र. मुलाखत म्हणायचं नाही, इंटरॅक्शन म्हणायचं. मलाही नेलं होतं, बहुधा घरात मोठी माणसं आहेत हे दाखवायला. मॅडमनी टेबलावर प्लॅस्टिकची फळं मांडली आणि विचारलं, "व्हॉट इज धिस, बेटा?" रेवानं केळं उचललं, कानाला लावलं आणि मान हलवत ऐकत बसली. छान बराच वेळ ऐकलं. मग केळं मॅडमपुढे धरलं, म्हणजे तुमचा फोन आहे. मला वाटलं, आता या बाईला खुदकन हसू येईल आणि ती हॅलो म्हणेल. बाईंनी केळं काढून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "व्हॉट इज धिस?"

मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आप लोग घर में कौनसी लैंग्वेज बोलते हैं?"

"मिक्स, मॅम," मिलिंद चोरी पकडल्यासारखा म्हणाला.

"मिक्स मत कीजिए. बच्चा कन्फ्यूज हो जाता है. घर में सिर्फ इंग्लिश रखिए, छह महीने में देखिएगा."

हे त्यांनी हिंदीत सांगितलं. मी बोलणार होतो, ऋचानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवसापासून घरात इंग्रजी सुरू झालं. फ्रिजवर चिठ्ठ्या, दारावर चिठ्ठ्या, माठावरसुद्धा. "कम." "सिट." "ईट." "व्हॉट कलर?" मी जन्मात आमच्या घरात इतकं कमी बोलणं ऐकलं नव्हतं. मला इंग्रजी येत नाही असं कोणी समजू नये. वीज खात्यात आयुष्य गेलं माझं. ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो का जळाला यावर मी इंग्रजीत दोन पानं सहज लिहीन. पण पोरीला मांडीवर घेऊन वरणभात कालवताना जे काही अगडबगड बोलायचं असतं, घास चिमणीचा म्हणायचं, तोंड फिरवलं की खोटं रुसायचं, त्याचं इंग्रजी खात्यानं शिकवलं नव्हतं. मिलिंदला कारखान्याचं इंग्रजी येत होतं आणि ऋचाला जीएसटीचं. त्यातून लाड कसे करणार? घरात मग फक्त सूचना आणि प्रश्न उरले. जेवताना मोबाइल लावून द्यायचे. तो तेवढा न थकता बोलायचा, पण तोही कोणाच्या उत्तरासाठी थांबत नसे.

मी गच्चीवर गहू घेऊन बसे आणि ती शेजारी. मी मूठ पुढे करून म्हणायचो, "धिस इज व्हीट. व्हॉट इज धिस?" ती माझ्या तोंडाकडे बघायची. मग मीच म्हणायचो, "व्हीट!" हे आम्ही सगळेच करत होतो. विचारायचं, श्वासभर थांबायचं नाही, आणि उत्तर आपणच देऊन टाकायचं. त्या पोरीला बोलायला आम्ही फटच ठेवली नव्हती, आणि वर म्हणत होतो की ही बोलत का नाही.

एका दुपारी मी पाण्याच्या टाकीच्या सावलीला भिंतीला टेकून बसलो होतो. दोरीवर गोधड्या वाळत होत्या. पलीकडे रेवा बाहुली आणि आमटीचा डाव घेऊन आली, तिला मी दिसलो नाही. जरा वेळानं कुजबूज ऐकू आली. आधी वाटलं, ऋचा फोनवर बोलतेय.

"हळू बोल. तिला कळता कामा नये."

मग जरा जाड आवाजात, "पण किती दिवस असं?"

परत बारीक, "उद्या सुई आहे. सांगू नकोस. रडत बसेल."

गोधडीच्या कडेवरून मी डोकावलो. रेवा एका हातात बाहुली आणि एका हातात डाव धरून दोघांचं बोलणं करत होती. डाव म्हणजे बाबा. हेल आईचा, खाकरणं बापाचं. आणि मराठी अशी स्वच्छ, सरळ, एक शब्द अडखळत नाही. चादरीवर गव्हाचा एक छोटा ढीग तिनं वेगळा काढला होता. तिला, म्हणजे त्या ढिगाला, काही कळता कामा नव्हतं.

माझा पाय सरकला. तिनं वर पाहिलं. तोंड एकदम मिटलं, बाहुली पाठीमागे गेली. मग तिनं ढिगाकडे बोट केलं आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "व्हीट."

मला रडू आलं. मग इतका राग आला की जिन्यावरून उतरताना चप्पल घालायची राहिली.

पोरीला सगळं येत होतं. आम्ही लपवलेलं, दडवलेलं, तिच्या डोक्यावरून फेकलेलं एकूण एक तिनं वेचून ठेवलं होतं. तिला एवढंच वाटत होतं की ही भाषा समोरच्या माणसाशी बोलायची नसते. समोरच्याला वगळायचं असेल तेव्हा ती काढायची, हळू आवाजात, आणि तो आला की मिटवून टाकायची. असं आम्ही तिला शिकवलं होतं, रोज, जेवताखाता, आणि कुठलीही शाळा शिकवणार नाही इतकं पक्कं.

जेवायला बसल्यावर मी हे सांगितलं. मिलिंदचा चेहरा उजळला. "म्हणजे येतं तिला! मग प्रॉब्लेम काय आहे?"

"अरे गाढवा," मी म्हटलं, "येतं, पण बोलायचं नसतं असं वाटतं तिला. आपण सगळे मिळून तिच्यापासून काही तरी लपवतो आहोत हे त्या पोरीला कळतंय!"

ही म्हणाली, "ओरडू नका." मी ओरडतच होतो. ऋचाला म्हटलं, तू तिची आई, तू तरी तुझ्या भाषेत बोल तिच्याशी. तुला कोणी अडवलंय?

ऋचानं ताट जरा दूर सारलं. "माझी भाषा म्हणजे कोणती, आबा?" ती म्हणाली. "माझी मराठी कुठे मराठी आहे? ताईच्या सासरी पुण्याला गेले होते, तिथे म्हटलं, लाईट चालली गेली. तर पूर्ण खोली हसली. प्रेमानंच हसले हो, कित्ती गोड बोलते म्हणाले. मग मी दिवसभर बोललेच नाही. शाळेत माझी हिंदी मराठी वाटायची, तिथे पण हसायचे. इंग्लिशची तर बातच सोडा. मी तिच्याशी कशात बोलू? माझ्याकडून चुकीचं शिकून जाईल ती. तिला तरी कोणी हसू नये."

इंदूरमध्ये वाढलेली, चांगली शिकलेली, दिवसभर चार जणांचे हिशेब सांभाळणारी मुलगी, आणि आपल्याजवळ पोरीला द्यायच्या लायकीचा एक शब्द नाही असं तिला वाटत होतं. चिडायचं तरी कोणावर? हसणारी माणसं प्रेमळ होती. मॅडमसुद्धा भल्यासाठीच सांगत होत्या. सगळे भल्यासाठीच करत होते आणि पोरगी गव्हाच्या ढिगाशी कुजबुजत होती.

नंतर काही चमत्कार झाला असं नाही. चिठ्ठ्या उन्हानं आपोआप गळल्या, परत कोणी चिकटवल्या नाहीत. ऋचा कैऱ्या किसायला बसली की रेवाला समोर घ्यायची आणि जे तोंडात येईल ते बोलायची, थोडं मराठी, थोडं हिंदी. "ही बघ, किती खट्टी आहे, चाखून बघ, अरे, डोळे कशाला मिटतेस!" सुरुवातीला तिचा आवाज घरातसुद्धा लाजल्यासारखा यायचा. मी गच्चीवर माझ्या परीनं. "हा खडा निघाला. हा फेकू. हा चांगला दाणा, हा राहू दे." एवढं म्हणून गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड गेलं. पोर काही म्हणेल म्हणून थांबायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही, हे माझ्यासारख्याला उपासापेक्षा अवघड. ती नुसती दाणे सरकवायची. मी पण सरकवायचो. कधी ती एखादा दाणा माझ्या पायावर ठेवून बघायची, मी काय म्हणतो ते. मी म्हणायचो, "अरे, माझ्या पायावर गहू उगवणार वाटतं." मग ती दुसरा ठेवायची.

गौर उठायच्या सुमारास एका संध्याकाळी मी खाली चहा पीत होतो आणि वरून जोरात हाक आली, "आबा! चिड़िया खाते आहे आपले गहू!"

कपातला चहा सांडला. एवढं मोठं, आपणहून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मिलिंद जिन्यात होता, तो कौतुकानं म्हणाला, "चिड़िया नाही बेटा, चिमणी." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत चार पायऱ्या खाली उतरला.

तर असा तो चैत्र. माझी चिडचिड मात्र गेली नाही, जाण्यासारखं काही घडतही नाही. रेवा आता सबंध दिवस बोलते, निम्म्याहून जास्त हिंदीत. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत सांगते, आम्हा दोघांना त्याची सवय झाली आहे. समोरच्या घरातली नवी आई परवा मोठ्या अभिमानानं म्हणाली, "अंकल, हम तो बेबी से सिर्फ इंग्लिश में बात करते हैं," आणि बेबी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं. मी बोललो. मला कोणी विचारत नाही, तरी मी बोलतो. "बेटा, जो भी आता हो उसमें बोलो, पर खूब बोलो, और उसकी भी सुनो." तिनं मान डोलावली आणि आत निघून गेली. आणि आमचे चिरंजीव! आठ महिन्यांच्या मुलासाठी चित्रांची कार्डं मागवली आहेत. रंग, आकार, प्राणी. बाळ ती खातं. त्यातल्या त्यात तोच एक शहाणा.

काल गौरीचं हळदीकुंकू झालं. खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, झोपाळ्यात गौर, पुढे कलिंगडाची कमळं, डाळीच्या वाट्या. पुण्याच्या एक पाहुण्याही होत्या कोणाबरोबर आलेल्या. मला स्वयंपाकघरात पन्हं गाळायला बसवलं होतं. ऋचा सगळ्यांना हळदकुंकू लावत होती. अशा वेळी ती फार बोलत नाही, हसून पुढे सरकते. रेवा ओल्या हरभऱ्याची परात घेऊन फिरत होती.

पाहुण्यांनी तिला विचारलं, "काय गं, बाळ काय म्हणतंय तुमचं?"

आणि रेवा मराठीत सुरू झाली, भरल्या खोलीत, मोठ्यानं. "आमचा बाळ ना, पंख्याला पाहून-पाहून हसून राहतो. मग त्याच्याशी खूप बातें करतो, आणि पंखा पण त्याला..."

खोली हसली. "अगं बाई, कित्ती गोड! परत म्हण, परत म्हण!" पाहुण्यांनी शेजारणीच्या हातावर टाळी दिली. आमची ही पण हसली. मी गाळणं टाकून दारात आलो तेव्हा रेवा परात धरून उभी होती आणि तिचं तोंड मिटलं होतं. ते मिटणं मी ओळखत होतो. माझ्या जिभेवर आलेलं इथे लिहिता येणार नाही.

पण माझ्याआधी ऋचा उभी राहिली. बोटाला हळद तशीच. "हसू नका," ती म्हणाली. "तिची बात पूर्ण होऊन जाऊ द्या."

तिच्या त्या बोलण्यालाही कोणी तरी हसलं असतं. कोणी हसलं नाही. बायकांनी पदर सावरले, पेले हातात धरले. रेवा आईकडे बघत होती. ऋचानं तिला "बोल" म्हटलं नाही, शब्द पुरवला नाही, फक्त तिच्याकडे बघत उभी राहिली. फार वेळ गेला. हिनं मध्ये काही बोलायला तोंड उघडलं, मी दारातून हात वर केला आणि तिनं ते मिटलं.

रेवानं परात खाली ठेवली.

"आणि पंखा पण त्याला वारा देतो," ती म्हणाली, "म्हणजे तो बोलूनच राहिला आहे. पण लाईट चालली गेली ना, तर पंखा चूप होऊन जातो. मग बाळ रडतो. त्याला वाटतं, मी एवढा बोललो, आणि आता कोणी ऐकतच नाही."